बदलून नको

मुलीला घरी आणून पुरता महिनाही झाला नव्हता, तेव्हा तिनं माझ्या सासूबाईंच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. निमित्त काय, तर सासूबाई तिचे केस विंचरत होत्या आणि एक गाठ जोरात ओढली गेली. मी शिलाई मशीन सोडून आत धावले. सासूबाई नळाखाली हात धरून उभ्या होत्या आणि पोरगी भिंतीला पाठ लावून, मुठी आवळून, आता काय व्हायचं ते होऊ दे अशा चेहऱ्यानं वाट बघत होती.

सासूबाईंनी आयुष्यभर इस्पितळात आयाचं काम केलेलं. थुंकणारे, ओरबाडणारे, लाथा झाडणारे सगळे रोगी त्यांनी पाहिले होते. त्यांनी मनगट उजेडात धरून नीट न्याहाळलं.

"दात सरळ आहेत हो पोरीचे," त्या मला म्हणाल्या. "एकही किडका नाही." मग तिच्याकडे वळून, "मुंगळी आहेस नुसती. एकदा धरलं की सोडायचं म्हणून नाही. बस इथं. गाठ अजून निघायचीय."

आणि पोरगी निमूटपणे बसली. तेव्हापासून घरात तिचं नाव मुंगळीच पडलं. तिनंही कधी कुरकुर केली नाही.

माझं कपडे दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली, एक मोठी काच आणि दोन मशिनं. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, माणूस सुटला की कपडा सैल करायचा आणि वाळला की आत घ्यायचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. उंच उंच इमारतींच्या पोटात दिवसभर लोंबकळतो आणि घरी आला की बोलायचा कंटाळा करतो. आम्हाला मूल झालं नाही. उपाय थकले, आम्हीही थकलो, तेव्हा दत्तक संस्थेत नाव घातलं. तान्हं बाळ हवं म्हणून सांगितलं. सगळेच तसं सांगतात. वाट बघता बघता माझ्या कानशिलावरचे केस पांढरे झाले.

मग एक दिवस संस्थेची समाजसेविका घरी आली. तिला सगळे ताईच म्हणत, मीही म्हणायचे. चहाचा कप हातात फिरवत ती म्हणाली, "बाळ मिळायला अजून किती वेळ लागेल सांगता येत नाही. पण आठ वर्षांची एक मुलगी आहे. आधी एका घरी दिली होती. तिथं जमलं नाही."

"काय जमलं नाही?"

"जमलं नाही एवढंच मला सांगितलंय."

माझ्याकडे रोज न जमलेले कपडे येतात, पण गिऱ्हाईक निदान कुठं टोचतंय ते तरी सांगतं. इथं तेवढंही कुणी सांगेना. मला त्या न बघितलेल्या माणसांचा राग आला आणि त्या रागाच्या भरातच मी म्हणाले, "भेटायला कधी येऊ?"

पहिल्या भेटीत तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नवऱ्याला मात्र विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"लिफ्ट तुटून खाली पडते?"

"नाही पडत. अडकते फक्त."

"मग आतली माणसं ओरडतात?"

"आधी ओरडतात. मग एकमेकांशी बोलायला लागतात."

तिनं यावर बराच विचार केला आणि मान हलवली. नवरा घरी येईपर्यंत गालातल्या गालात हसत होता. इतकी वाक्यं तो आठवड्यात माझ्याशी बोलत नाही.

घरी आल्यावर ती सासूबाईंना पहिल्याच दिवशी आजी म्हणाली. मला मात्र काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळ आली की जवळ येऊन उभी राहायची, नाहीतर खोकायची. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आजी तिला पहिल्यांदाच मिळालीय. आया दोनदा गेल्यात. जीभ भाजलेला माणूस फुंकून पिणारच." मला ते पटलं. मी हाकेची वाट बघायची नाही असं ठरवलं.

चाव्यानंतर दुसरा पराक्रम झाला तो कात्रीचा. एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कोटाची बाही तिनं कोपरापासून कापून काढली. चुकून नव्हे, चांगली सरळ रेषेत. मी भडकले. हातातून कात्री घेतली, तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "आज दुकानात पाऊल टाकायचं नाही. आणि हा माणूस कोट न्यायला येईल तेव्हा तू माझ्या शेजारी उभी राहायचंस."

"मग मला कधी नेऊन सोडणार?" तिनं विचारलं.

"कुठं?"

"संस्थेत."

"कोट कापला म्हणून?"

"मग काय केल्यावर नेऊन सोडतात?"

हे तिनं अगदी साधेपणानं विचारलं, बस कुठून सुटते असं विचारावं तसं. मी म्हणाले, "काहीही केलंस तरी नाही." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. तिला ते खरं वाटलं नाही हे मला तिथंच दिसलं. ही सोडत नाही म्हणते, तर आता बघूच, असं काहीसं त्या नजरेत होतं.

आणि तिनं बघितलं. शाळेत बाईंना जाऊन सांगितलं की घरी बाबा मला पट्ट्यानं मारतात आणि खोलीत कोंडून ठेवतात.

शाळेच्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही संस्थेला कळवलंच असतं. त्याच दुपारी ताई आणि संस्थेची गाडी दारात आली. चौकशी होईपर्यंत मुलीला संस्थेत ठेवावं लागेल, नियम आहे, असं ताई माझ्याकडे न बघता म्हणाली. मुंगळी स्वतःच्या पायांनी चालत गाडीत जाऊन बसली. रडली नाही, वळूनही पाहिलं नाही. तिला रस्ता पाठ असल्यासारखी बसली.

संध्याकाळी माझ्या दिरांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे. "वहिनी, मी आधीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "परक्याचं रक्त ते परक्याचं. सुटलात म्हणायचं."

"भावजी," मी म्हणाले, "तुमचा सख्खा मुलगा तुमच्याशी दोन वर्षं बोलत नाही. तो कुणाच्या रक्तावर गेलाय?"

फोन पलीकडून ठेवला गेला.

चौकशी झाली. डॉक्टरांनी मुलीला तपासलं, अंगावर ओरखडाही सापडला नाही. शेजारीपाजारी, शाळा, नवऱ्याचं ऑफिस, सगळीकडे विचारपूस झाली. नवऱ्याला सगळ्यात जास्त लागलं ते ऑफिसचं. ज्यांच्याबरोबर तो वर्षानुवर्षं एका दोरावर लटकला, ते सहकारी तो खोलीत शिरला की गप्प व्हायला लागले. तो कुणाशी भांडला नाही. फक्त जेवताना ताटाकडे बघत बसायचा.

शेवटी संस्थेच्या संचालिकाबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. बाई गोड बोलायच्या. इतकं गोड की ऐकणाऱ्याला तहान लागावी.

"तुमच्यावरचा आरोप खोटा ठरलाय, तुम्ही निश्चिंत राहा," त्या म्हणाल्या. "पण ही जुळणी काही यशस्वी झाली नाही. तुमचा दोष नाही. मुलीलाही दोष देता येत नाही. काही मुलं घरात रुळतच नाहीत, त्यांना संस्थाच बरी. तुम्ही इतकं सोसलंत, तेव्हा आम्ही तुमचा वेगळा विचार केलाय. दोन वर्षांचा एक मुलगा आलाय आमच्याकडे. शांत आहे, गोरागोमटा आहे. तुम्हाला तो देऊ."

खोलीत पंखा फिरत होता. मी काही बोलायच्या आत नवऱ्यानं विचारलं, "कधी आलाय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर खाली घातली. मी संचालिकाबाईंना म्हणाले, "आम्ही काही तक्रार घेऊन आलो नव्हतो. बदलून कशाला देताय?" आणि उठून बाहेर आले.

बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि तीन थांबे मागे गेले. मग तो म्हणाला, "मी फक्त विचारलं."

"दुकानात भाव विचारतात तसं."

"तिनं माझं नाव घेतलं," तो हळूच म्हणाला. "तुझं नाही घेतलं, आईचं नाही घेतलं. माझं. मी तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही. तुला काय कळणार ते."

खरंच होतं. मला ते कळत नव्हतं. मी त्याच्यावर रागावले होते, पण त्याचं तोंड बघवत नव्हतं. तसेच घरी आलो. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि सगळं आमच्या तोंडून काढून घेतलं. नवरा म्हणाला, "आई, तूच सांग. ती परत येऊन उद्या पोलिसांनाच सांगेल. मग?"

सासूबाईंनी बाही वर केली. मनगटावर अजून पुसट वण होता.

"चावली कुणाला?" त्या म्हणाल्या. "मला. तक्रार करायचा पहिला हक्क कुणाचा? माझा. मी करत नाहीये. तेव्हा तुम्ही दोघं गप्प बसा आणि माझी नात घेऊन या. इस्पितळात जो जास्त ओरडायचा ना, त्यालाच जास्त दुखत असायचं. जो गप्प, त्याची मला भीती वाटायची."

दुसऱ्या दिवशी मी शिवायच्या कपड्यांची पिशवी भरली, सुया, दोरे, टाचण्या घेतल्या, दुकानाच्या काचेवर 'काम चालू आहे, संध्याकाळी या' असा कागद लावला आणि संस्थेत जाऊन बसले.

संस्थेच्या खालच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. एकमेकींना जोडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याचं यंत्र, चाकं गेलेली एक खेळण्यातली आगगाडी आणि फिनेलचा वास. मूल हवं म्हणून येणारे लोक तिथं बसत. वर मुलांच्या खोल्या होत्या. वर जायला परवानगी लागे आणि मला ती नव्हती. पण खाली बसायला परवानगी लागते असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी खिडकीजवळची खुर्ची धरली आणि एका पँटीची शिवण उसवायला घेतली.

दारावरचा पहारेकरी आला. "बाई, कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही. बसलेय."

"कशासाठी?"

"पाय दुखतात."

तो गेला, आत विचारून आला. "बाई, असं बसता येत नाही."

"बसता येतंय की, हे काय बसलेय," मी म्हणाले. "तुमच्या शर्टाचं खालून दुसरं बटण लोंबतंय. काढून द्या, लावून देते." त्यानं जरा इकडेतिकडे पाहिलं, मग तसाच पुढे झाला. शर्ट अंगावर असतानाच बटण लावून घेतलं आणि त्यानंतर मला कधी काही विचारलं नाही.

मी रोज जाऊ लागले. लोक येत, शेजारी बसत, शिवण बघत, मग विचारत, "तुम्हीही मुलासाठी आलात?" मी म्हणे, "हो. माझी वर आहे." मग ते विचारत आणि मी सगळं सांगे. चावली ते सांगे, कोट कापला ते सांगे, नवऱ्यावर आळ घेतला तेही सांगे. काही बायका ऐकता ऐकता पिशवी पोटाशी धरत. एक जोडपं तर उठून निघूनच गेलं. दुसऱ्या एका बाईनं मात्र विचारलं, "आणि तरी तुम्हाला तीच हवीय?" मी म्हणाले, "तीच म्हणजे काय? दुसरी कुठली माझी आहे?" जाताना त्या बाईनं माझा खांदा दाबला.

जोडपं निघून गेलं त्या दिवशी संचालिकाबाई स्वतः खाली आल्या. गोडवा वरच ठेवून आल्या होत्या.

"तुम्ही लोकांना घाबरवताय."

"खरं सांगतेय. जो घाबरायचा तो खुर्चीत बसूनच घाबरू दे. घरी नेऊन, कपाटात मुलाचे कपडे लावून, मग घाबरण्यापेक्षा बरं."

"हे असंच चालू राहिलं तर यादीतून तुमचं नाव काढावं लागेल. मग कुठलंच मूल मिळणार नाही. समजतंय ना?"

"काढा," मी म्हणाले. "मी यादी मागायला आलेले नाही."

सुई दोनदा बोटात गेली. पण त्यांच्यासमोर बोट चोखायचं नाही एवढं मी सांभाळलं.

हे बोलणं जिन्यात कुणीतरी ऐकत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, वरची मुलं जेवून झोपलेली असताना, मुंगळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसली. तिला खाली सोडलं कुणी, तर ताईनं. ताई वरच्या वळणावर भिंतीला टेकून उभी होती आणि मला दिसत नसल्याचं सोंग करत होती. नेमका त्याच दिवशी नवरा अर्धी रजा टाकून आला होता. आल्यापासून तो माझ्या टाचण्यांची डबी हातात धरून नुसता बसला होता.

"तुम्ही इथं रोज का येता?" मुंगळीनं मला विचारलं.

"काम करते."

"घरी जागा नाही?"

"घरी तुझी आजी डोकं खाते. नात कुठंय, नात कुठंय."

ती चप्पल पायरीवर आपटत राहिली. मग म्हणाली, "मी खोटं सांगितलं. राग आलाय?"

"आलाय. खूप."

"मग कशाला आलात?"

"राग आलाय म्हणूनच. ज्याचा रागच येत नाही त्याच्यासाठी कोण दोन बस बदलून येतं?"

नवऱ्यानं डबी खाली ठेवली. त्याचा आवाज खोल गेला होता. "मी तुला मारलं होतं?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"मग माझंच नाव का घेतलंस?"

मुंगळीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं याला कसं कळत नाही. "मारणाऱ्याचं नाव घेतलं तर तो आणखी मारतो," ती म्हणाली. "तुम्ही नाही मारणार. म्हणून."

नवरा उठला आणि पाण्याच्या यंत्राकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ त्यानं पाणी भरलं नाही.

मी कपडा बाजूला ठेवला. "त्या पहिल्या घरात कुणी मारायचं?"

"नाही. मारणारे त्याच्याआधीचे, मी संस्थेत यायच्या आधीचे. पहिल्या घरी छान होतं." ती आता चपलेकडे बघून बोलत होती. "तिथं मी खूप चांगली वागायचे. सगळं ताटातलं संपवायचे. न सांगता झोपायचे. आई पण म्हणायचे. मग त्यांना बाळ झालं." तिनं खांदे उडवले. "चांगलं वागून काही होत नाही."

जिन्याच्या वळणावर ताईनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. मला रडायला येत होतं, पण मला त्याहून जास्त चीड आली होती, आणि चिडीचा एक फायदा असतो, आवाज फाटत नाही.

"हे बघ," मी म्हणाले. "चांगली वागलीस, तरी सोडलं. वाईट वागून बघितलंस, तरी मी इथं बसलेय. म्हणजे तुझ्या वागण्यानं काही ठरत नाही. ते काम तुझं नाहीच. ते मोठ्यांचं काम आहे. तू तुला हवी तशी वाग. कोट कापलास तर ओरडा खाशील. पण घर घरच राहील."

"आणि तुम्हाला तो छोटा मुलगा देणार आहेत ना? मी ऐकलं."

"त्याला त्याचे आईबाप मिळोत, चांगले मिळोत. आम्ही त्याचे नाही."

"मी आई म्हणणार नाही," ती म्हणाली.

"मी विचारलंय का?"

ती उठली, दोन पायऱ्या चढली, थांबली. "त्या पँटीचा एक पाय लांब शिवलाय तुम्ही," ती म्हणाली आणि वर पळाली. पाहिलं तर खरंच होतं. त्या दिवसाचं सगळं काम मी घरी जाऊन पुन्हा उसवलं.

त्यानंतर नवराही माझ्याबरोबर उभा राहिला, आणि एकदा उभा राहिल्यावर पाय रोवून राहिला. संस्थांच्या वर दत्तक प्रकरणं बघणारी एक समिती असते. तिच्याकडे त्यानं अर्ज केला. मुलगी संस्थेला परत करायची मागणी आम्ही कधीच केली नव्हती, तरी जुळणी मोडली कुणाच्या सांगण्यावरून, एवढंच त्यात विचारलं होतं. समितीनं सगळ्यांना बोलावलं.

लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधल्या न्यायाधीश बाई वयस्कर होत्या, चष्म्यावरून बघायच्या. आमच्या बाजूला मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. संचालिकाबाईंनी शांतपणे मांडणी केली. मुलगी हिंसक आहे. खोटं बोलते. इतके महिने राहूनही या बाईंना तिनं एकदासुद्धा आई म्हटलेलं नाही. जवळीक निर्माण झाल्याचं कुठलंही लक्षण नाही.

"यावर तुमचं काय म्हणणं?" न्यायाधीश बाईंनी मला विचारलं.

"मी यांना सासूबाई म्हणते," मी शेजारी बोट दाखवून म्हणाले. "लग्नापासून. आई कधी म्हटलं नाही. एका छपराखाली राहतो, आजारपणं काढतो, भांडतो. आम्हाला कुणी वेगळं करायला आलेलं नाही."

"आणि मला त्यानं काही कमी पडलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "हाकेनं पोट भरत नाही."

टेबलापलीकडचे एक गृहस्थ खाली बघून हसले. तेवढ्यात मागून ताई उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाईसाहेब, या प्रकरणात घरभेटी मी केल्यात. जुळणी मोडावी का, हे मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते." संचालिकाबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ताई खाली बसली नाही. "आताही नको म्हणतेय," ती म्हणाली. पुढे काही महिन्यांनी तिला ती नोकरी सोडावी लागली, हे इथं सांगून ठेवते. आता ती दुसरीकडे असते आणि आमच्याकडे येते-जाते.

मग मुंगळीला आत आणलं. तिला कुणीतरी झालरीचा फ्रॉक घातला होता आणि तो तिला अजिबात आवडलेला नव्हता, हे मला दारातूनच कळलं.

"तुला कुठं राहायचंय, बाळ?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"मला आधी कुणी विचारलं नव्हतं," मुंगळी म्हणाली. "पहिल्या घरी पाठवताना नाही, तिथून आणताना पण नाही. आता का विचारता?"

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "चूक झाली आमची," त्या म्हणाल्या. "आता विचारतेय. उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस."

मुंगळीनं आम्हा तिघांकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश, भाजी निवडावी तसं.

"आजीकडे," ती म्हणाली. "पण ही दोघं पण तिथंच राहतात, तर ती पण चालतील."

घरी आल्यावर ती काही गुणाची पुतळी झाली नाही. दारं आपटली, वह्या फाडल्या, एकदा दिरांच्या तोंडावर सांगितलं, "काका, तुम्ही आलात की सगळे गप्प होतात, म्हणून तुम्ही जरा कमी या." मी तिला त्यासाठी ओरडले आणि आतल्या खोलीत जाऊन पोट धरून हसले. मी ओरडायचे, ती उलट बोलायची, सासूबाई दोघींना गप्प करायच्या. कधीतरी त्या भांडणातच ती मला 'तुम्ही'वरून 'तू'वर आली. मला पत्ताही लागला नाही. नवऱ्याच्या लक्षात आलं, पण त्यानं सांगितलं नाही. तो तसाच आहे.

दत्तकाचा अंतिम हुकूम झाला त्यालाही आता वर्ष होऊन गेलंय. मध्यंतरी संस्थेतून फोन आला. संचालिकाबाई स्वतः बोलत होत्या, आणि गोडवा परत आला होता. संस्था एक पुस्तिका काढतेय, म्हणाल्या. मोठ्या मुलांनाही घर मिळू शकतं हे लोकांना दिसावं म्हणून. आमचं प्रकरण किती आव्हानाचं होतं आणि संस्थेनं ते किती धीरानं तडीस नेलं. तर एक हसरा फोटो हवा होता, तिघांचा, आजींसह चौघांचा असेल तर फारच छान.

मी फोनवर हात ठेवला. मुंगळी समोर जमिनीवर बसून एका गिऱ्हाइकाच्या परकराची शिवण उसवत होती. सरळ उसवते हल्ली, कापड न फाडता.

"संस्थेच्या बाई आहेत," मी म्हणाले. "पुस्तिकेत छापायला आपला फोटो मागतायत."

तिनं मान वर केली नाही. दोरा दातांनी तोडला.

"नाही म्हणून सांग."

"कारण विचारतील."

"सांग, कामात आहोत," ती म्हणाली.

मी तसंच सांगितलं.